पैठणचं शुद्धिपत्र

विकिपीडियावर एखादं पान अजून कुणी लिहिलेलं नसलं, की त्याचा दुवा लाल दिसतो. पान झालं की तो निळा होतो. गेली आठ वर्षं मी मराठी विकिपीडियावर गावांची, घाटांची, माशांची आणि विस्मरणात गेलेल्या कवींची पानं निळी करत आलो. माझं स्वतःचं सदस्य पान मात्र लाल ते लालच. परवा एका नव्या सदस्याच्या हे लक्षात आलं आणि त्यानं माझ्या चर्चापानावर मोठ्या अदबीनं लिहिलं, 'आदरणीय, आपल्या आवडी आणि उद्दिष्टे यांविषयी सदस्य पानावर दोन शब्द लिहावेत, म्हणजे नवोदितांना मार्गदर्शन होईल.'

आवडी आणि उद्दिष्टे! माझ्या आवडी आजवर एकदाच कागदावर आल्या होत्या. लग्नाच्या वेळी मामांनी माझी माहिती लिहिली, तिच्यात 'आवड : वाचन' एवढंच होतं. उद्दिष्ट त्या काळी मुलीकडचे विचारत नसत, नोकरी सरकारी आहे का ते विचारत. ती होती. चौतीस वर्षं मी बारनिशी सांभाळली. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. कागदात काय लिहिलंय ते वाचायची जबाबदारी माझी नव्हती, पण मी वाचायचो आणि पेन्सिलीनं वेलांट्या दुरुस्त करायचो. एका साहेबांनी एकदा मला बोलावून शांतपणे सांगितलं, "अहो, हे कागद आपल्याला पुढं पाठवायचेत. पास-नापास नाही करायचे." त्या दिवसापासून मी पेन्सिल आणखी फिकी वापरू लागलो.

निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि विठ्ठलाची तसबीर मिळाली. पेन्सिल मी येताना उचलून आणली. पण घरी दुरुस्त करायला काय असतं? किराण्याची यादी. 'दाणे' या शब्दात मी एकदा हात घातला, तर सौभाग्यवतींनी यादी आणि पिशवी दोन्ही माझ्याच हातात दिल्या. मग मुलानं जुना लॅपटॉप मला दिला, आणि एका दुपारी मी गावाचं नाव टाकून बघितलं. पैठणचा लेख समोर आला. तिसऱ्याच ओळीत 'गोदावरी' नदी 'गोदवरी' झालेली. वर 'संपादन' असं लिहिलं होतं. मी इकडं तिकडं पाहिलं, कुणी साहेब दिसले नाहीत. काना घातला आणि जतन केलं. कुणीही मला बोलावून घेतलं नाही! उलट, दुसऱ्या दिवशी कुणीतरी 'स्वागत' म्हणून निरोप ठेवला. चौतीस वर्षांत न मिळालेली बढती ती हीच.

तर ते सदस्य पान. मी आधी धूळपाटीवर लिहून बघायचं ठरवलं. धूळपाटी म्हणजे विकिपीडियावरची सरावाची जागा. काही लिहा, पुसा, कुणी रागावत नाही. पंतोजींच्या शाळेत पोरं पाटावर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवायची, तो शब्द संगणकात आणून ठेवणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात कितीदा तरी नमस्कार केलाय. मराठी विकिपीडिया सुरू झाला तो १ मे २००३ ला, म्हणजे मुहूर्त महाराष्ट्र दिनाचा, आणि सुरुवातीच्या मंडळींनी नामकरणंही मोठ्या हौसेनं केली. जिथं सगळ्यांनी बसून वाद घालायचे ती चावडी. मत मागायचं तो कौल. आपण जी पानं राखतो त्यांची पहाऱ्याची सूची. आणि जो संगणकी कार्यक्रम आपसूक हजारो पानांत एकसारखी दुरुस्ती करत सुटतो, तो सांगकाम्या. गोष्टीतल्या सांगकाम्यासारखाच तो सांगितलं तेवढंच करतो, आणि गोष्टीतल्यासारखाच कधीकधी सांगितलं तेवढंच करून बसतो. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं. सरकारचं काम एका अधिसूचनेत आटोपलं. आम्हाला ते बिडकीन, पाचोड, ढोरकीन, आडूळ असं गावागणिक करत बसावं लागलं. इतिहासाच्या वाक्यात जुनं नाव राहू द्यायचं, भूगोलाच्या वाक्यात नवं घालायचं. हा फरक सांगकाम्याला सांगूनही कळत नाही. माणसांनाही कळतोच असं नाही, पण माणसाला निदान चावडीवर बोलावता येतं.

धूळपाटीवर मी लिहिलं, 'आवडी : १. लाल दुवे.' आणि पुढं काही सुचेना. उठून पाणी प्यायलो.

खरं सांगायचं तर पैठणात राहून मी हे काम करतो यात माझा काही गुण नाही. हे दुखणं या गावालाच जुनं आहे. आळंदीच्या त्या चार भावंडांना 'पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणा' असं सांगून इकडं धाडलं होतं, ती कथा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. कोण शुद्ध, कोण अशुद्ध हे ठरवायची पेढीच होती इथं. पुढं तो शब्द आपसूक निवळला आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जाऊन बसला. 'पृष्ठ ४२, ओळ ७, अशुद्ध अमुक, शुद्ध तमुक.' माणसांपेक्षा ओळी शुद्ध करणं पुष्कळच बरं. माणसं उलट बोलतात. बोलली नाहीत तर रेडा बोलतो.

त्या रेड्यावरून आमच्या घरी रामायण झालं ते आधी सांगतो. लेखात सरळ लिहिलेलं होतं, 'ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले.' विश्वकोशाची भाषा तटस्थ हवी, म्हणून मी पुढं जोडलं, 'अशी आख्यायिका आहे.' माझी आत्या चौऱ्याऐंशीची आहे. तिला डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मी कौतुकानं लेख वाचून दाखवला. ती एकदम ताठ बसली.

"आख्यायिका म्हंजी खोटं व्हय रे?"

"खोटं नाही, आत्या. कुणी पाहिलं ते लिहिलेलं सापडत नाही, एवढंच."

"समद्या गावानं पाह्यलंय."

"पण गावानं लिहून नाही ना ठेवलं."

"गाव वेद ऐकू लागलं हुतं. लिहीत बसंल?"

यावर विकिपीडियाच्या कुठल्याही धोरणात उत्तर नाही, मी शोधलं. आत्या दोन दिवस माझ्या हातचा चहा प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला खूश करायला सांगितलं की पुणे जिल्ह्यात आळे म्हणून गाव आहे, तिथं त्या रेड्याची समाधी आहे, आणि तिथं लोक दर्शनाला जातात. ज्याला समाधी आहे, ज्याच्यावर कीर्तनं होतात, ज्याच्याविषयी शेकडो वर्षं लिहिलं गेलंय, त्याची विश्वकोशीय उल्लेखनीयता वादातीत आहे. रेड्याचं स्वतंत्र पान होऊ शकतं. आत्या म्हणाली, "मंग कर की." रेडा जिथं बोलला म्हणतात त्या नागघाटावरून येता-जाता मला ते देणं आठवतं.

उल्लेखनीयता हा शब्द मी बाहेर वापरतो तेव्हा मात्र लोकांना तो शिवीसारखा लागतो. मागच्या वर्षी एक होतकरू तरुण नेते घरी आले. सोबत चार जण, त्यांतला एक फक्त फोन धरायला. म्हणाले, "काका, आपलं बी एक पान उघडा विकिपीडियावर." मी म्हटलं, "संदर्भ लागतील." ते म्हणाले, "बस स्टँडसमोर फ्लेक्स हाय की, केवढा थोरला!" मी समजावलं, "स्वतः लावलेला फ्लेक्स चालत नाही. तुमच्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसानं तुमच्याविषयी सविस्तर लिहिलेलं असावं लागतं." त्यांनी विचार केला. "विरोधकांनी लिवलेलं चालंल?" "चालेल." "मंग राहू द्या." जाताना मात्र वाकून नमस्कार करून गेले. हा मुलगा पुढं जाईल. तेव्हा त्याचं पान मलाच करावं लागेल, आणि विरोधकांचं लिहिलेलं त्यात घालावं लागेल.

पैठणीच्या लेखावर मी तीन महिने काम केलं. पदर कसा विणतात, हातमागावरची खरी पैठणी उलटी-सुलटी सारखीच कशी दिसते, काठ नारळी कसा, बांगडी मोर म्हणजे काय, आसावली म्हणजे काय, आणि पैठणचं नाव घेऊन ही साडी आज सगळ्यात जास्त येवल्यात का विणली जाते, हे सगळं लिहून काढलं. एक चूक राहिली होती. मुनिया म्हणजे पोपट, मी मैना समजून लिहून बसलो होतो. ती मागून जाता-जाता आमच्या हिनं पकडली. मी म्हटलं, "तू कशावरून म्हणतेस? संदर्भ?" ती म्हणाली, "चाळीस वर्षं पैठणात काढली. दुसऱ्यांच्या अंगावर बघून बघून पाठ झालंय."

हा संदर्भ देता येत नाही. तोंडी माहिती विश्वकोशात चालत नाही, आणि ही तर देऊच नये अशी होती. मी छापील पुस्तक शोधून मैनेचा पोपट केला. नंतरच्या दिवाळीत तिला पैठणी आणली. हातमागाची आहे असं दुकानदार म्हणाला. तिनं पदर उलटून पाहिला आणि काही बोलली नाही. काठावर पोपट होते.

"पण याचे पैसे किती मिळतात?" हा प्रश्न मला पाहुण्यांपैकी प्रत्येकानं एकदा विचारलाय. काहीच नाही म्हटलं की ते बायकोकडं सहानुभूतीनं बघतात. अशा वेळी मला डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर आठवतात. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परत आलेला माणूस, चांगली प्राध्यापकी करून पेन्शन खाल्ली असती. त्याऐवजी ज्ञानकोशाची कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळवायला गावोगाव हिंडले आणि १९२० च्या दशकात तेवीस खंड काढून दाखवले. शेवटी हातात राहिली ती 'ज्ञानकोशकार' ही पदवी. त्या मानानं माझं बरं आहे. मला फक्त वीजबिल येतं. आणि केतकरांना खंड छापून झाल्यावर चूक सापडली तर शुद्धिपत्र जोडण्यावाचून इलाज नव्हता, मला रात्री बारा वाजता अंथरुणातून उठून ती काढता येते. हे सुख आहे की खोड, याचा निकाल आमच्या घरात लागलेला आहे, पण तो माझ्या बाजूनं नाही.

भाषेचंही या गावाला जुनं वेड. कथासरित्सागरात सोमदेवानं सांगितलेली गोष्ट आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमून म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे 'मा उदकैः', पाणी मारू नका. राजाला संधी फोडता आला नाही. त्यानं ताबडतोब मोदकांची ताटं मागवली. राणी हसली, आणि राजानं लाजून अंथरूण धरलं. व्याकरणापायी राजा आजारी पडलेलं दुसरं गाव मला तरी माहीत नाही. मग दरबारातल्या पंडितांत पैजा लागल्या. गुणाढ्य म्हणाला, संस्कृत शिकवायला मला सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो, आणि त्यानं त्यासाठी कातंत्र हे सुटसुटीत व्याकरणच रचलं, अशी कथा आहे. (आत्या शेजारी नाही, म्हणून लिहितो.) माझी सहानुभूती राजाकडं आहे. ज्याला मोदक हा शब्द ऐकून आधी मोदकच आठवतो, तो माणूस मनानं निरोगी असतो. बायकोनं 'पाणी नको' म्हटल्यावर गोड खायला आणून देणं हीसुद्धा काही लहान गोष्ट नव्हे.

पण या कथेचा उत्तरार्ध मला झोपू देत नाही. पैज हरलेल्या गुणाढ्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या, आणि रानात राहून पैशाचीत, स्वतःच्या रक्तानं, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. ती राजाकडं पाठवली. राजानं भाषा पैशाची, शाई रक्ताची म्हणून परत केली. आमच्याकडं एखादं पान वगळावं असं वाटलं की त्यावर 'पानकाढा' नावाचा साचा लावतात. इतका मोठा पानकाढा त्याआधी आणि त्यानंतर कुणी लावला नसेल. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि जाळायचा. जनावरं चरायचं सोडून ऐकत बसली, वाळली, राजाच्या मुदपाकखान्यात सुकं मांस यायला लागलं, तेव्हा कुठं चौकशी झाली. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेला एक लाखही मूळ रूपात आपल्यापर्यंत आला नाहीच, दुसऱ्यांनी सांगितलं तेवढं राहिलं. कुणा शाळकरी पोरानं आपल्या चार घरांच्या वस्तीवर दोन ओळींचा लेख लिहिलेला असतो, त्याच्यावर पानकाढा लावायची वेळ आली की मला ती शेकोटी दिसते. मग मी साचा बाजूला ठेवतो आणि वस्तीचा पिनकोड शोधायला बसतो. पिनकोड, लोकसंख्या, जवळची नदी. तेवढ्यावर लेख उभा राहतो. फारसा देखणा नसतो, पण उभा राहतो.

आता एकनाथांकडं येतो. पैठणात राहून नाथांकडं इतक्या उशिरा येणं बरं नव्हे, पण मी मुद्दाम थांबलो होतो.

नाथांना संत म्हणून सगळे ओळखतात. मी त्यांना आमच्या खात्याचे वरिष्ठ समजतो. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये. पुढं २९४ वर्षं ती हातांनी नकलली गेली. एकानं झोपेत काना गाळला, दुसऱ्यानं न कळलेला शब्द बदलला, तिसऱ्याला वाटलं इथं माउलींना आणखी काही सुचायला हवं होतं, म्हणून त्यानं आपल्या पदरची ओवी घातली. नाथांनी वेगवेगळ्या प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, इथं पैठणात नऊ हजारांवर ओव्यांचा शुद्ध पाठ सिद्ध केला. या कामाचा आदेश त्यांना स्वप्नात झाला म्हणतात. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ, असं ज्ञानेश्वरांनी सांगितलं. स्वप्न हा संदर्भ म्हणून चावडीवर टिकला नसता. पण काम टिकलं.

आणि शेवटी त्यांनी एक ताकीद लिहून ठेवली. या पाठात जो आपली ओवी मिसळील, त्यानं अमृताच्या ताटात नारळाची नरोटी ठेवली असं होईल, अशा अर्थाची. नाथांची स्वतःची ओवी काही नरोटीच्या मोलाची नव्हती. एकनाथी भागवतात अठरा हजारांहून जास्त ओव्या आहेत, त्यांच्याच. ज्याला अठरा हजार सुचतात, त्यानं दुसऱ्याच्या नऊ हजारांत एकही घालू नये! 'मूळ संशोधन नको', म्हणजे स्वतःच्या डोक्यातलं विश्वकोशात घालू नका, हे विकिपीडियाचं धोरण एकविसाव्या शतकातलं समजतात. मी नव्या सदस्यांना त्याचा दुवा देण्याऐवजी नरोटीची गोष्ट सांगतो. मराठी माणसाला ती लवकर समजते. धोरण वाचायचं असतं, नरोटी दिसते.

नाथांच्या लेखावर माझा कायमचा पहारा असतो. नाथषष्ठीला लाखो माणसं येतात, दिंड्या उतरतात, आणि त्या दिवसांत लेखावरही गर्दी उसळते. कुणी श्रद्धेनं 'परमपूज्य' घालतं, ते काढावं लागतं. काढताना मी मनातल्या मनात हात जोडतो. शाळांना सुट्टी असली की उत्पात सुरू होतो. एकदा लेखाच्या ऐन मध्यावर 'बंट्या गाढव आहे' असं वाक्य सापडलं. मी जवळजवळ सोडून दिलं होतं, कारण खालच्याच परिच्छेदात तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगेचं पाणी पाजल्याची कथा आहे, आणि मला वाटलं गाढवाचं नाव कुणाला तरी मिळालं. मग उलटवलं. दहा मिनिटांत बंट्या परत. पुन्हा उलटवलं. नाथ गोदावरीवरून स्नान करून येताना त्यांच्या अंगावर थुंकणारा माणूस होता. तो एकशे आठ वेळा थुंकला, हे एकशे आठ वेळा स्नान करून आले, तरी चिडले नाहीत, ही कथा मी लहानपणी ऐकली तेव्हा मला ती क्षमेची वाटली होती. आता ती मला संपादनाची वाटते. इंग्रजी विकिपीडियावर मात्र वादात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवता येत नाही. नाथांना चौथ्या स्नानाला समज मिळाली असती. (निव्वळ उत्पाताला ती मर्यादा लागू नाही, मला ठाऊक आहे. कुणी कळवायला नको.) बंट्या सातव्या वेळी थांबला. त्याच्या आईनं जेवायला बोलावलं असावं.

त्याच लेखात माझं एक दुखणं आहे. नाथांची समाधी शके १५२१, फाल्गुन वद्य षष्ठी. पुष्कळ ठिकाणी पुढं कंसात १५९९ असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत शिकवतात, म्हणून लोक मिळवतात. पण फाल्गुन हा शकाच्या वर्षाचा शेवटचा महिना, तो येईस्तोवर इंग्रजी साल पालटलेलं असतं. तिथं ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १५२१ खरं असेल तर साल १६०० होतं, आणि साल १५९९ खरं असेल तर शक १५२० होतो. एका वर्षाचा फरक. शालिवाहन शकही आमच्याच गावच्या राजाच्या नावचा, नाथही आमच्याच गावचे, त्यामुळे हा घोळ घरचाच म्हणायचा.

ज्या रात्री हे माझ्या ध्यानात आलं, तेव्हा दोन वाजले होते आणि मी मोठ्यानं टाळी वाजवली. बायको दचकून उठली. "काय झालं हो?" मी म्हटलं, "फाल्गुन!" ती म्हणाली, "अजून श्रावण चाललाय," आणि कूस बदलून झोपली.

टाळी वाजवल्यावर मला नाथांची टाळी आठवली. नाथ देवगडावर, म्हणजे देवगिरीच्या किल्ल्यावर, गुरू जनार्दनस्वामींकडं होते, हिशेब बघायचे. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. सगळी रात्र वह्या पालथ्या घातल्या, आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. कीर्तनात ही कथा आली की माणसं माना डोलावतात. मला अलीकडं दुसरंच सुचतं. आण्याचा बारावा भाग असलेली पै ही तर इंग्रजी अमदानीतली, मग सोळाव्या शतकात देवगडाच्या वह्यांत ती कुठून आली? शेजारी बसलेल्याला मी एकदा हे हळूच सांगितलं. तो उठून दुसरीकडं बसला.

बरं, १६०० लेखात घालता येतं का? हिशेब माझा बरोबर, पण तो माझा. छापील, विश्वासार्ह ठिकाणी कुणीतरी तसं लिहिलेलं हवं. मी घातलं तर ती नरोटी. म्हणून लेखात १५९९ तसंच ठेवलं आणि चर्चापानावर सगळा हिशेब मांडून ठेवला. ती नोंद तिथं पाच महिने पडून आहे. तिला आवक क्रमांक मिळाला नाही.

तर सांगायचं होतं ते सदस्य पानाविषयी. त्या रात्री अकरापर्यंत मी धूळपाटीवर लिहीत आणि पुसत होतो. 'उद्दिष्ट : ज्ञानाचा प्रसार' असं लिहिलं, तेव्हा फ्लेक्ससमोर उभा राहिल्यासारखं वाटलं. 'उद्दिष्ट : पैठण तालुक्यातील सर्व गावांचे लेख पूर्ण करणे' हे लिहिलं, पण मग सर्व म्हणजे किती याला संदर्भ द्यावासा वाटला, आणि तो शोधता शोधता मी तीन गावांच्या लेखांत पिनकोड घालून आलो. 'आवड : वेलांट्या' हे सगळ्यात खरं होतं, पण नवोदितांना त्यातून काय मार्गदर्शन होणार? शेवटी कंटाळून सदस्य पान उघडलं, नुसता मथळा टाकला, खाली पुढं केव्हातरी लिहू म्हणून जागा सोडली आणि जतन केलं. आठ वर्षांनी माझं नाव निळं झालं. थोडा वेळ बघत बसलो.

पाण्याचा तांब्या भरून परत येतो, तो पानाच्या इतिहासात एक नवी ओळ. त्याच नव्या सदस्यानं बदल केलेला. अजून काही लिहिलंच नाही, तर या पोरानं बदललं काय? उघडून पाहिलं. मी मथळ्यात लिहिलं होतं, 'आवडी आणि उद्दिष्ट्ये'. त्यानं केलं होतं, 'उद्दिष्टे'. शेजारी सारांशात अदबीनं, 'शुद्धलेखन. छोटा बदल.'

वैशिष्ट्याचा 'ट्य' मी उद्दिष्टाला लावून बसलो होतो. चौतीस वर्षं आवक-जावक, आठ वर्षं हे, आणि ठळक अक्षरांत, स्वतःच्या नावाखाली! मी पुन्हा मूळ पाहिलं, पुन्हा दुरुस्ती पाहिली. पोराचंच बरोबर होतं. आणि माझ्या हातून टाळी वाजली.

"आता काय झालं?" आतून आवाज आला.

"चूक सापडली."

"कुणाची?"

"माझी."

आत जरा वेळ काहीच हालचाल झाली नाही. मग ती म्हणाली, "कुणी काढली, त्याला एकदा जेवायला बोलवा."